रॅम जास्त हवी की ड्युअल चॅनल? भाव भडकलेले असताना इंद्रलोकमधल्या एका लॅपटॉपचा हिशेब

मी भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहतो. दोन बिल्डिंगी सोडून माझे मामा राहतात. मामा इथल्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम करतात. मामेबहीण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा धाकटा भाऊ अकरावीत. घरात लॅपटॉप एकच, २०२३ मध्ये घेतलेला. इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एक पट्टी आणि शेजारी एक रिकामा स्लॉट.

डिसेंबरमध्ये बहिणीचा फोन आला. "दादा, अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की लॅपटॉप मरतो. प्रोजेक्ट सबमिट करायचाय. रॅम टाकून देशील का?" मागून भावाचा आवाज, "दादा, ड्युअल चॅनलच टाक हां, एफपीएस वाढतात!" आणि शेवटी मामांनी फोन घेतला, "अरे, वर्षभरापूर्वी तूच म्हणाला होतास की रॅम स्वस्त आहे, कधीही घेऊ. आता दुकानदार भलताच भाव सांगतोय. थांबू का दोन महिने?"

एका फोनमध्ये तीन प्रश्न. रॅम जास्त घ्यायची की ड्युअल चॅनल करायचं? भाव का चढलेत? आता घ्यायची की थांबायचं? सध्या हेच तीन प्रश्न खूप घरांत आहेत, म्हणून पूर्ण हिशेब इथे मांडतो.

आधी फरक समजून घेऊ: टाकी आणि पाईप

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये पाण्याची भाषा सगळ्यांना कळते, म्हणून तीच वापरतो.

रॅम किती जीबी आहे, म्हणजे सोसायटीच्या टाकीचा आकार. चॅनल म्हणजे त्या टाकीतून खाली येणारा पाईप. पट्टी एक असेल तर प्रोसेसरपर्यंत एकच पाईप. दोन स्लॉटमध्ये दोन पट्ट्या असतील तर दोन पाईप एकदम चालतात. हेच ड्युअल चॅनल.

आकड्यांत सांगायचं तर डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते. दोन चॅनल मिळून ५१.२ जीबी. म्हणजे कागदावर बरोबर दुप्पट.

मग टाकी संपली तर काय? तर टँकर. विंडोज रॅम कमी पडली की एसएसडीवरच्या 'पेजफाइल'मध्ये सामान हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते. या टँकरचा वेग बघा. साध्या लॅपटॉपमधली चांगली एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला साधारण ३ ते ३.५ जीबी देते, म्हणजे एका पाईपच्याही सातवा हिस्सा. त्याहून वाईट म्हणजे थांबण्याचा वेळ. रॅमकडे मागितलेली गोष्ट साधारण १०० नॅनोसेकंदांत हाती येते. एसएसडीला त्याच्या काही शेकडो पट वेळ लागतो.

इथेच अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. ड्युअल चॅनलने फार तर दुप्पट फायदा होतो. रॅम अपुरी पडली तर शेकडो पट तोटा होतो. टाकी कोरडी पडत असेल तर पाईप जाड करून उपयोग नाही. पण टाकी पुरत असेल, तर आणखी मोठी टाकी बांधूनही नळाला जोर येत नाही. तेव्हा पाईपच बघावा लागतो.

माझी स्वतःची चूक

२०२० मध्ये मी डेस्कटॉप जोडला तेव्हा ४ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. का? सगळ्या व्हिडिओंमध्ये ड्युअल चॅनलचं गुणगान होतं आणि ८ जीबी तेव्हा पुरेसे वाटत होते. माझ्या मदरबोर्डवर स्लॉट दोनच. दीड वर्षात ८ जीबी कमी पडायला लागले आणि वाढवायला जागाच नव्हती. दोन्ही पट्ट्या काढून नव्या घ्याव्या लागल्या. जुन्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. ४ जीबीची पट्टी कोणी फुकटही नेत नाही.

तेव्हा ८ जीबीची एकच पट्टी घेतली असती, तर थोडे दिवस वेग कमी मिळाला असता, पण दुसरा स्लॉट हाताशी राहिला असता. म्हणून आता कोणी विचारलं की मी आधी विचारतो, "स्लॉट किती आहेत आणि रिकामे किती?"

ग्राफिक्स कार्ड नसेल तर भावाचंही खरं आहे

भाऊ एफपीएसचं बोलला ते चूक नाही. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, त्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. ज्यात नसतं, तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून पाणी उपसतं. गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच पाईपवर भांडतात. म्हणून ड्युअल चॅनलचा सगळ्यात मोठा फायदा अशाच स्वस्त लॅपटॉपना होतो.

इंटेलच्या अकराव्या ते तेराव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपमध्ये तर हे नावातच दिसतं. खोक्यावर 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स लिहिलेलं असतं, पण रॅमची एकच पट्टी असेल तर डिव्हाइस मॅनेजर त्याच चिपला 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणतो. दुसरी पट्टी बसली की नाव बदलतं. मामांच्या लॅपटॉपवर नेमकं हेच होतं. स्टिकर आयरिस एक्सईचा आणि आत यूएचडी.

मोजून बघितलं

अंदाजावर मामांचे पैसे खर्च करायचे नव्हते. एका मित्राकडून त्याची १६ जीबीची पट्टी दोन रात्रींसाठी आणली, माझ्या जुन्या लॅपटॉपमधली ८ जीबीची काढली. दोन्ही डीडीआर४-३२००. चार प्रकारे लावून बघितलं. बहिणीचं काम म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर, क्रोमचे वीसेक टॅब आणि ऑनलाइन मीटिंग. भावाचं काम व्हॅलोरंट.

- ८ जीबी, एक पट्टी (होती तशी): टास्क मॅनेजरमध्ये 'कमिटेड' १७ जीबीच्या पुढे, म्हणजे मशीनमध्ये आहे त्याच्या दुपटीहून जास्त मागणी. बिल्डला चार मिनिटांच्या वर. माउससुद्धा अडकत होता. गेम साठ एफपीएसच्या आसपास, मध्येच झटके.
- ८ + ८, ड्युअल चॅनल: बिल्ड दोन मिनिटांच्या आत. गेम नव्वदीच्या आसपास. मात्र एम्युलेटर आणि मीटिंग एकदम चालू असताना अधूनमधून पुन्हा अडखळायला लागला.
- १६ ची एकच पट्टी: बिल्ड जवळजवळ ८ + ८ इतक्याच वेळात. गेम पुन्हा साठीच्या घरात.
- ८ + १६, म्हणजे २४ जीबी: बिल्ड तितकीच जलद, सगळं एकदम उघडूनही अडखळणं नाही. गेम नव्वदीपेक्षा किंचित कमी.

हे एका लॅपटॉपचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण चित्र स्पष्ट आहे. बहिणीच्या कामाला फक्त जीबी दिसतात. १६ एका पट्टीत की दोन पट्ट्यांत, याने तिला जवळपास फरक पडत नाही. भावाच्या गेमला चॅनल दिसतात. आणि गूगलच्या स्वतःच्या यादीतही अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायला किमान १६ जीबी लिहिलेत. तिचा लॅपटॉप 'मरत' होता त्यात नवल काही नव्हतं.

८ आणि १६ एकत्र चालतात का?

एका दुकानात आम्हाला ठासून सांगितलं गेलं, "दोन्ही पट्ट्या एकाच कंपनीच्या, एकाच साइझच्या पाहिजेत, नाहीतर ड्युअल चॅनल होतच नाही." हे अर्धवट खरं आहे.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये वेगवेगळ्या आकाराच्या पट्ट्यांसाठी 'फ्लेक्स मोड' असतो. ८ आणि १६ लावले तर दोन्हीकडचे ८-८ मिळून १६ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालतात. मोठ्या पट्टीतले उरलेले ८ जीबी एकाच पाईपने चालतात. म्हणून गेमचा आकडा ८ + ८ पेक्षा किंचित खाली आला, पण एका पट्टीच्या खूप वर राहिला.

कंपनी वेगळी असली तरी सहसा चालतं. मात्र वेग वेगळा असेल तर दोन्ही पट्ट्या कमी वेगावर येतात. आणि डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसतच नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. जबरदस्ती केलीत तर स्लॉट जाईल.

भाव का चढले?

आता मामांचा प्रश्न. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. २०२२-२३ मध्ये उलटी परिस्थिती होती. कोविडच्या काळात लॅपटॉप-फोनची झालेली विक्री ओसरली, गोदामं भरली, रॅमचे भाव कोसळले आणि या कंपन्यांनी उत्पादन कापलं. सॅमसंगने एप्रिल २०२३ मध्ये तसं जाहीरच केलं. आपल्याला ज्या दिवसांत रॅम स्वस्त मिळत होती, त्या दिवसांत या कंपन्या तोटा सोसत होत्या.

मग एआय आलं. चॅटबॉट चालवणाऱ्या मोठ्या चिपना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, मजल्यावर मजले चढवावेत तशी एकावर एक रचलेली. ती याच कंपन्यांच्या कारखान्यांत, तशाच सिलिकॉनच्या चकत्यांवर बनते. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार, तेवढीच साठवण डीडीआर५ मध्ये बनवण्यापेक्षा एचबीएममध्ये बनवायला साधारण तिप्पट चकत्या लागतात. म्हणजे एआयसाठी एक जीबी बनला की आपल्या लॅपटॉपचे तीन जीबी बनत नाहीत.

ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सबरोबर प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला ९ लाख चकत्यांपर्यंतचं लक्ष्य सांगितलं गेलं. तेवढी खरेदी प्रत्यक्ष होवो न होवो, बाजाराने काय समजायचं ते समजून घेतलं. त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि जुन्या मशीनवाले लोक नव्या खरेदीकडे वळले.

३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँड ती बंद करणार. दुकानांना माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत, वॉरंटी मात्र चालू राहणार. लॅमिंग्टन रोडवर वर्षानुवर्षं "क्रुशियल टाक, टेन्शन नको" असं ऐकत आलेल्या माझ्यासारख्याला ही बातमी जरा लागलीच. कारण कंपनीने स्पष्ट सांगितलं: मोठ्या ग्राहकांची मागणी पुरवायची आहे. तुम्ही-आम्ही एक-एक पट्टी घेणारे त्या रांगेत शेवटी.

डीडीआर४ ची गंमत आणखी वेगळी. ही जुनी पिढी, म्हणून ती स्वस्त व्हायला हवी ना? पण कंपन्यांनी तिचं उत्पादनच आवरतं घ्यायला घेतलं आणि आपल्याकडचे बहुसंख्य चालू लॅपटॉप अजून डीडीआर४ वर आहेत. माल कमी, गिऱ्हाईक तेवढंच.

"पण आता गुजरातमध्ये चिपचा कारखाना होतोय ना?" मामांनी विचारलं. हो, साणंदला मायक्रॉनचाच प्रकल्प आहे, जून २०२३ मध्ये जाहीर झालेला, सरकारी मदत धरून २.७५ अब्ज डॉलरचा. पण तिथे चिपची जुळणी आणि चाचणी होणार. मूळ चकत्या बाहेरूनच येणार. टंचाई आहे ती चकत्यांची. त्यामुळे साणंदमुळे भाईंदरच्या दुकानातला भाव लगेच उतरेल असं समजू नका.

मग थांबायचं का?

मेमरीचे भाव कायम चढे राहत नाहीत. आधी टंचाई, मग सगळ्यांनी कारखाने वाढवायचे, मग माल जास्त, मग भाव खाली. हे चक्र या धंद्यात अनेकदा फिरलंय. पण नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. आता जाहीर झालेले मोठे विस्तार २०२७ च्या आधी फारसा माल देतील असं दिसत नाही. म्हणून दोन महिने थांबून मामांना काही मिळणार नव्हतं. थांबायचं तर वर्ष-दीड वर्षाच्या तयारीने थांबायचं. बहिणीला तेवढा वेळ नव्हता.

माझा नियम सोपा झालाय. आज काम अडत असेल तर लागेल तेवढीच घ्या. अडत नसेल तर 'पुढे लागेल' म्हणून आत्ता घेऊ नका. माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये मला ३२ जीबी करायचे होते. सध्या रद्द.

लॅमिंग्टन रोडची फेरी

शनिवारी मामा आणि मी भाईंदरहून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो. आमच्यासमोर दोन पर्याय होते. आणखी एक ८ ची पट्टी घ्यायची (एकूण १६, भावाला पूर्ण ड्युअल चॅनल, पण दोन्ही स्लॉट कायमचे भरलेले). किंवा १६ ची घ्यायची (एकूण २४, फ्लेक्स मोड).

भाव वर्षभरापूर्वीच्या दुपटीच्या पुढे होते. एका दुकानात भाव सांगून वर "संध्याकाळपर्यंतच हां" असंही ऐकवलं. दुसरीकडे स्वस्त मिळत होती, पण पट्टी बिनखोक्याची आणि बिल नाही. मामांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवली. "आमच्या धंद्यात पण असंच असतं," एवढंच म्हणाले.

८ ची पट्टी घेतली असती तर पैसे वाचले असते. पण आम्ही मोजलेलं होतं की बहिणीची मागणी १७ जीबीपर्यंत जाते. १६ वर ती काठावरच राहिली असती आणि शेवटच्या वर्षी पुन्हा एक पट्टी काढून टाकायची वेळ आली असती. माझ्या ड्रॉवरमधल्या पट्ट्या मला आठवत होत्या. आम्ही १६ ची घेतली, बिलासकट.

घरी येऊन बसवली. बहिणीने सगळ्यात आधी डिव्हाइस मॅनेजर उघडला. 'आयरिस एक्सई'. भाऊ ओरडला, "बघ! म्हणजे दोन वर्षं आपण अर्धाच लॅपटॉप वापरत होतो!" मामा त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासाठी नाही घेतलेली. रात्री नऊनंतर गेम बंद."

तुम्ही कसं तपासाल?

१. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी बघा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर १ ऑफ २ दिसलं तर तुमच्याकडे जागा आहे.

२. रोजचं सगळ्यात जड काम उघडा आणि 'इन यूज' व 'कमिटेड' बघा. कमिटेड म्हणजे प्रोग्रॅम्सनी मागून ठेवलेली मेमरी. सगळी एकदम वापरली जातेच असं नाही, त्यामुळे ती रॅमपेक्षा थोडी जास्त असली तर घाबरू नका. दीडपट-दुप्पट असेल आणि मशीन अडकत असेल, तर टाकी लहान आहे.

३. चॅनल बघायला सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. डीडीआर५ मध्ये एक पट्टी असूनही तिथे दोन चॅनल दिसतात, कारण डीडीआर५ ची प्रत्येक पट्टी आतून ३२-३२ बिटच्या दोन भागांत असते. फसू नका. '२ × ३२ बिट' म्हणजे एकच पट्टी, '४ × ३२ बिट' म्हणजे खरं ड्युअल.

४. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डवरच चिकटवलेली असते. स्लॉट नसेल तर वाढवण्याचा विषय संपला. म्हणून नवा लॅपटॉप घेताना हे आधी विचारा.

५. जुनी पट्टी विकत घेणार असाल तर बसवल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही एरर आली तर परत करा.

आणि फोनचं काय?

फोनमध्ये ही निवडच नाही. रॅम चिकटवलेली असते आणि चॅनल कंपनीने आधीच ठरवलेले असतात. सेटिंगमधली '८ जीबी + ८ जीबी' वाली व्हर्च्युअल रॅम म्हणजे तोच टँकर, फोनच्या स्टोरेजमधून आणलेला. मागे उघडी ठेवलेली अ‍ॅप्स थोडी जास्त टिकतील, पण ती खरी रॅम नाही. दुकानदार "१६ जीबीचा फोन" म्हणाला तर खरी किती ते विचारा. मेमरी महागल्याचा फटका फोनलाही बसतोय, त्यामुळे येत्या वर्षात जुन्याच किमतीत कमी रॅमचं मॉडेल गळ्यात मारलं जाण्याची शक्यता आहे. बॉक्स नीट वाचा.

थोडक्यात

- रॅम कमी पडत असेल तर आधी जीबी.
- रॅम पुरत असेल, ग्राफिक्स कार्ड नसेल आणि गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल, तर दुसरी पट्टी टाकून ड्युअल चॅनल.
- एक स्लॉट रिकामा असेल तर दोन्ही गोष्टी एकाच खरेदीत होतात. जुनी पट्टी फेकू नका.
- दोनच स्लॉट असतील तर दोन्ही छोट्या पट्ट्यांनी भरू नका.

बहिणीचा प्रोजेक्ट वेळेत गेला. सबमिशनच्या आदल्या रात्री तिने मला स्क्रीनशॉट पाठवला: एम्युलेटर, स्टुडिओ, मीटिंग, सगळं चालू, इन यूज १६.८ जीबी. खाली लिहिलं होतं, "दादा, आठचं घेतलं असतं तर?"